पाठ आधी कापायची नाही

१२ फेब्रुवारी

वर काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून जागा कोरी सोडली आहे. आधी ‘प्रिय वहिनी’ लिहिलं होतं, मग खोडलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या भावापासून रीतसर वेगळी झालेली बाई माझी वहिनी राहते की नाही, हे मी कुणाला विचारू? नुसतं नाव लिहावं तर नावाने मी तुला कधी हाक मारलेली नाही, आणि आता या वयात सुरुवात केली तर दोघींनाही हसू येईल. तेव्हा राहू दे. नमनालाच घडाभर तेल नको.

काम एवढंच आहे, की भिंगरीच्या बारा घड्या मला हव्या आहेत.

ऑगस्टमध्ये तुझी लेक अठरा वर्षांची होते आहे. आपलं काय ठरलं होतं ते तुझ्या लक्षात असणारच, पण विसरल्याचं सोंग घ्यायला वाव नको म्हणून पुन्हा लिहिते. दर वाढदिवसाला एक घडी करायची. चार जाड कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे, शिवणीची भोकं मी पाडायची, रंग तू लावायचे, आणि त्या वर्षी पोरीच्या आयुष्यात जे काही आलं-गेलं त्याच्या खुणा दोघींनी मिळून चिकटवायच्या. शिवायचं मात्र नाही. घड्या सुट्याच पत्र्याच्या डब्यात साठवायच्या, अठरा झाल्या की एकदम शिवायच्या, पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक तिच्या हातात ठेवायचं. तोवर तिला कानोकान खबर लागू द्यायची नाही.

डबा तू जाताना नेलास, तोवर झालेल्या बारा घड्यांसकट. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोर तुझी, तिचा डबाही तुझाच. पण वाढदिवसानंतर ती शिकायला दूर जाणार आहे असं दादाने सांगितलं. म्हणजे त्याने ‘सप्टेंबरपासून होस्टेल’ एवढंच सांगितलं, बाकीचं मी जुळवलं. तुझा तो माजी नवरा लिफ्ट दुरुस्त करून जगाला वर-खाली नेतो आणि स्वतः दोन मजल्यांच्या मध्ये अडकून असतो, हे तुला मी काय सांगायचं. त्यात काही सुधारणा नाही.

एकदा गेली की ती तुझ्याही घरी पाहुणी आणि आमच्याही. द्यायचं तर आताच द्यायला हवं. तू डबा पार्सलने पाठव. शिवायचं मी बघते. पुस्तक झालं की तुझ्याकडे परत पाठवीन, तूच तुझ्या हाताने दे. माझं नाव सांगितलं नाहीस तरी चालेल. मला यातून दुसरं काही नको आहे. पत्ता तोच आहे, टेबलही तेच.

तुझी, म्हणजे भिंगरीची,
आत्या

*

१९ मार्च

पत्र पोचलंच नाही असं समजायला मला आवडलं असतं. पण मी रजिस्टर केलं होतं, आणि पोचपावतीवर तुझी सही आहे. नकाशाच्या कोपऱ्यात करतेस तीच, खालून रेघ ओढलेली. तेव्हा तू मूग गिळून बसली आहेस हे मला कळलं. बस. मला लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

परवा चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर कागदवाल्याकडे गेले होते. म्हातारा अजून तसाच आहे, गठ्ठ्यामागून फक्त टोपी दिसते. त्याने विचारलं, त्या दुसऱ्या बाई कुठे असतात, त्या कागद हुंगून घ्यायच्या त्या? मी म्हटलं, त्या आता दुसरीकडे हुंगतात. तो हसला. मी पण हसले, आणि घरी येईपर्यंत माझं डोकं त्यातच अडकून राहिलं.

तू दादाशी लग्न करून या घरात राहायला आलीस तेव्हा मी तुला आठवडाभर ‘अहो वहिनी’ म्हणत होते. मग एका दुपारी तू ऑफिसातून नकाशाचे रद्द झालेले पातळ, दुधी कागद भेंडोळं करून आणलेस आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेस. फेकून देत होते म्हणालीस, जीव झाला नाही. मी दुकानातून चष्म्याच्या काचा गुंडाळून येतात ते निळे कागद आणून तुझ्या भेंडोळ्याशेजारी ठेवले. माझ्याकडे ते कपाटभर होते आणि आजवर ते का साठवते हे मी कुणालाच सांगू शकले नव्हते. तुला सांगावं लागलं नाही. त्याच दिवशी ‘अहो’चं ‘अगं’ झालं. तू मला जुन्या काळच्या सुनांसारखं ‘वन्सं’ म्हणायला लागलीस ते निव्वळ चिडवायला, पण मला ते आवडायचं. हे तेव्हा सांगितलं नाही कारण तू मग म्हणणं सोडलं असतंस.

आपलं पहिलं पुस्तक अजून फडताळात आहे. तुला कोण घाई. मी घड्या शिवत होते तोवर तू पुठ्ठा कापून, कापड चढवून, रंगवून तयार. घड्या त्यात मावेनात. मग तू त्या दाबून बसवल्यास, आणि त्या पुस्तकाने जे तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. समोरून बघितलं की जांभई देतंय असं वाटतं. तेव्हा मी तुला पहिल्यांदा सुनावलं होतं: ‘पाठ आधी कापायची नाही.’ आधी सगळ्या घड्या शिवायच्या, दाबायच्या, जाडी मोजायची, आणि मग त्या मापाने पुठ्ठ्याची मधली पट्टी, म्हणजे पाठ, कापायची. त्यानंतर हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की भिंगरी बोलायला लागली तेव्हा बाहुलीला सुद्धा तेच सांगायची.

आई येता-जाता म्हणायची, दोघी मिळून कचरा चिकटवतायत. म्हणायची, आणि स्वतःच बाटल्यांची लेबलं, तुटकी बटणं, पाकिटांच्या आतली नक्षी गोळा करून एका लिफाफ्यात घालायची. लिफाफ्यावर मोठ्या अक्षरात ‘कचरा’ असं लिहिलेलं. तो भरला की काही न बोलता टेबलावर ठेवून जायची. दादा तर त्याहून पुढचा. आपण घड्या दाबायला शब्दकोश वापरतो हे त्याने बघितलं, आणि एके दिवशी लिफ्टच्या वजनातली एक जुनी लोखंडी लादी खांद्यावरून घेऊन आला. टेबलावर ठेवली, हात झटकले आणि अंघोळीला गेला. त्या माणसाला प्रेम करता येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला ते फक्त लोखंडात करता यायचं. तुला शब्द हवे होते, त्यात तुझी चूक नव्हती.

मग भिंगरी झाली. पहिल्या घडीत तिच्या तळव्याचा ठसा घ्यायचा म्हणून तू ऑफिसातलं शाईचं पॅड आणलंस. तो जांभळा हात निघेना. आई आपल्या दोघींवर इतकी चिडली की दोन दिवस फक्त बाळाशी बोलत होती. सातव्या घडीत पडलेला दात लावायचा की नाही यावर आपण भांडलो, आणि शेवटी तू कागदाला खिडकी कापून, मागे माझी चष्म्याची काच लावून त्यात तो दात बसवलास. नवव्या घडीत तिच्या शाळेच्या वाटेचा तू काढलेला नकाशा आहे, त्यात वाटेतली सगळी कुत्री दाखवली आहेत, चावरी लाल आणि गरीब हिरवी. मला हे सगळं पाठ आहे. पण पाठ असून काय करायचं, शिवायला कागद लागतो.

घड्या पाठव.

*

२ मे

रविवारी भिंगरी आली होती. दादाने तिच्यासाठी सकाळपासून तीनदा घर झाडलं. आता ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे, चष्म्यातून माझ्याकडे खाली वाकून बघते. टेबलावर वाळलेल्या खळीचे थर आहेत ना, ते नखाने खरवडत बसली आणि म्हणाली, आत्या, हे लोखंड अजून इथे कशाला गं? मी म्हटलं, टेबल उडून जाऊ नये म्हणून.

तिला एका वाक्यात विचारता आलं असतं, की तुमच्या कपाटावर पत्र्याचा एक डबा आहे का. नाही विचारलं. पोरीला टपाल करायचं नाही, हे आपण दोघींनी न ठरवता सहा वर्षं पाळलं आहे. तेवढ्या एका बाबतीत आपला अजून एकोपा आहे.

आता एक सांगते. मी थांबलेले नाही. तू गेल्यावर पहिला वाढदिवस आला तेव्हा मी टेबलाशी बसले आणि घडी केली. नंतर दर वर्षी केली. मनात म्हटलं, तिचं नवं घर, नवं ऑफिस, एकटीने पोर वाढवायची, तिला कुठून वेळ असणार. शिवाय भोकं कोण पाडून देणार तिला? तेव्हा तेरापासून अठरापर्यंतच्या सहा घड्या माझ्याकडे आहेत, अठरावीची खळ अजून ओली आहे. चित्रं तुझ्यासारखी नाहीत. माझी माणसं सगळी बटाट्यासारखी येतात. चौदावीत तिच्या पहिल्या चष्म्याचा नंबर लिहिलेलं कार्ड आहे, तो चष्मा मीच करून दिला. पंधरावी नुसती करडी रंगवली आहे, कारण त्या वर्षी ती आमच्याकडे फारशी आलीच नाही आणि आली तेव्हा कानात वायरी घालून बसली. चिकटवायला काही नव्हतं.

पुठ्ठाही केला आहे. त्यावर कापड कुठलं चढवलं ते सांगितलं तर तू हसशील. पुढच्या खोलीचा पिवळ्या पट्ट्यांचा पडदा. वाटणीच्या यादीत ‘पडदे, निम्मे’ असं लिहिलेलं होतं आठवतं? त्या खिडकीला दोन पडदे, म्हणून एक तू नेलास, एक आमच्याकडे राहिला. दोन शिकलेल्या वकिलांनी मिळून दोन घरांतल्या खिडक्या अर्ध्या उघड्या पाडल्या. आमचा अर्धा पडदा उन्हाने बराच विटला होता. चांगला भाग तेवढा एका पुस्तकाला पुरला, एक चिंधी उरली नाही. भिंगरी त्याच पडद्यात गुंडाळून लपायची आणि पाय बाहेर असायचे, म्हणून तोच घेतला.

हो, पाठही कापली. कळतंय मला. पण अठरा घड्या होणार हे तर ठरलेलंच होतं. माझ्या सहा दाबून मोजल्या, त्याची तिप्पट केली, तू चिकटवलेल्या जाड बटणांसाठी थोडं सोडलं. यात चुकण्यासारखं काय आहे?

पान संपत आलं, आणि जे लिहायला बसले ते राहिलंच. तू दादाला सोडलंस ते बरोबर केलंस. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं, दादाच्या तोंडावर, आईसमोर. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसाने किती दिवस बसायचं? पण मला का सोडलंस? घटस्फोट तुमचा झाला. त्या कागदांवर माझी सही कुठे होती? एक दिवस तू टेबलाशी समोर बसलेली होतीस, ब्रश तोंडात धरून, आणि दुसऱ्या दिवशी नाही. भोकं पाडायची आरी, दोरा, मेण सगळं जागच्या जागी. मी तेव्हापासून तुझ्या खुर्चीवर कागदाचा गठ्ठा ठेवला आहे, रिकामी दिसू नये म्हणून.

आई गेली तेव्हा तू दादाला चार ओळी पाठवल्यास. मी त्या दोनदा वाचल्या. माझं नाव कुठे नव्हतं. इतकी वर्षं मी कुणाला हे बोलले नाही, पण ते मला लागलं.

*

२८ मे

मागच्या पत्रातलं काही मागे घेत नाही. पण पेटीत टाकल्यावर परत काढता येत असतं तर काढलं असतं.

आज हिशेबाने, शांतपणे लिहिते आहे. शिवायला, दाबायला, वाळायला वेळ लागतो, घाईत केलेलं पुस्तक वाकतं. तेव्हा जून संपेपर्यंत डबा आला नाही तर मी माझ्या सहाच शिवीन. पुठ्ठा ढगळ होईल, लहान मुलाला मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखा, पण होईल.

फक्त एवढा विचार कर. मग त्या पोरीचं पुस्तक तेराव्या वर्षापासून सुरू होईल. जांभळा हात नाही, दात नाही, कुत्री नाहीत. ज्या घरात तिची आई, बाप, आजी, आत्या एका टेबलाशी कोपराला कोपर लावून बसायचे, त्या घराचं एकही पान नाही. ती होस्टेलच्या खोलीत ते उघडेल आणि तिला वाटेल, आपण मुळातच दोन घरांत जन्मलो. तसं नव्हतं. तू आणि मी सोडून हे तिला दाखवणारं आता कुणी उरलेलं नाही. दादा बोलणार नाही आणि आई राहिली नाही.

माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर ठेव. घड्या तिच्या आहेत.

*

२१ जून

प्रिय वहिनी,

डबा आला.

मी दुकानात होते, दादाने सही करून घेतला. घरी आले तर डबा टेबलावर मधोमध, आणि दादा त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा. उघडला नव्हता. झाकणावरची हरणं अजून ओळखू येतात.

वरच तुझी चिठ्ठी होती. तू मोठी पत्रं लिहिणारी नाहीस हे मला माहीत आहे, पण माझ्या चार पत्रांना एवढी टीचभर चिठ्ठी? तरी बरं, मी ती इतक्यांदा वाचली आहे की चार पत्रांची भरपाई झाली. तुझेच शब्द तुला लिहून पाठवते, म्हणजे तुला कळेल की मी प्रत्येक शब्द वाचला.

‘वन्सं, खालच्या बारा आपल्या. वरच्या सहा माझ्या. भोकं पाडलेली नाहीत, ती तू पाडायचीस. आई गेल्या तेव्हा तुलाही लिहिलं होतं, तीनदा लिहून फाडलं. त्याला लिहिणं सोपं होतं. वहिनी.’

शेवटचा शब्द मी मोठ्याने वाचला. मी इकडे चार महिने पत्रांच्या माथ्यावर जागा कोरी सोडते आहे, आणि तू सही करून मोकळी.

मग सहा घड्या काढल्या. वहिनी, तू पण थांबली नव्हतीस. तोच कागद, त्याच मापाच्या, चार एकात एक, आणि मधल्या दुमडीवर एक भोक नाही. एवढी वर्षं ठेवल्यास तशाच. तुझ्याकडे सुई आहे, आरी मिळते कुठेही. तिरकी का होईना, पाडता आली असती. तू पाडली नाहीस. मला वाटत होतं मीच तेवढी वाट बघते आहे.

टेबलावर माझ्या सहा एका रांगेत लावल्या, तुझ्या सहा खालच्या रांगेत. दादाला बोलावलं. आम्ही दोघं उभ्यानेच बघत गेलो. चौदाव्या वर्षी माझ्याकडे चष्म्याचा नंबर, तुझ्याकडे त्याच चष्म्याची मोडलेली दांडी, पट्टी लावलेली. म्हणजे मी करून दिला आणि तुझ्याकडे मोडला, आणि मला ती कार्टी म्हणाली होती की शाळेत हरवला. सोळाव्या वर्षी, आई गेली त्या वर्षी, मी काय लावावं न कळून आईचं एक बटण लावलं आहे. तू तिच्या लिफाफ्यावरचा ‘कचरा’ हा शब्द कापून पानाच्या मधोमध लावला आहेस, आणि भोवती काही नाही.  आईचं अक्षर दादाने बोटाने चाचपून बघितलं.

आणि पंधरावं वर्ष. माझी घडी करडी, तुझीही करडी. पानभर करडी, कडेपर्यंत. मी हसायला लागले ते थांबेना. तीन वर्षं मी हे मनात धरून बसले होते, की पोरगी माझ्यावरच रुसली होती, तू काहीतरी सांगितलं असशील, म्हणून येत नव्हती. ती तर सगळ्या जगावर रुसली होती. पंधरा वर्षांची होती, दुसरं काय.

आता खरी गोष्ट सांगते, आणि तू मनसोक्त हसून घे, कारण तुझा तो हक्क आहे. जुन्या बारा, माझ्या सहा, तुझ्या सहा. सगळ्या एकावर एक रचल्या, लादी ठेवून दाबल्या आणि पुठ्ठ्यात धरून बघितल्या. मावत नाहीत. पाठ अठरांच्या मापाची, घड्या चोवीस. पुस्तक जांभई देतंय, अगदी आपल्या पहिल्या पुस्तकासारखी. जन्मभर तुला जे वाक्य ऐकवलं ते मी स्वतः मोडलं, आणि का मोडलं ते मला नीट कळलं आहे. तुझी पानं येतील असं मी धरलंच नव्हतं. तुझ्याकडे काही नसणार असं मनाशी ठरवून मी माप घेतलं.

एकीच्या सहा काढून टाकल्या तर पुठ्ठा बरोबर बसतो. तेही करून बघितलं, खोटं का बोलू. एकदा तुझ्या काढल्या, एकदा माझ्या. दादा बाजूला उभा राहून बघत होता. दुसऱ्यांदा काढल्या तेव्हा म्हणाला, ‘काढू नकोस. पुठ्ठा दुसरा कर.’ म्हणून कालच तो पुठ्ठा मी उकलला.

नवी पाठ रुंद हवी, म्हणजे कापड जास्त हवं. माझा पडदा त्या पहिल्या पुठ्ठ्यातच संपला, ते कापड उकलून पुन्हा चढवलं तर मध्ये नेमकं पाठीवर उघडं पडतं. दुसरं कुठलं कापड मी लावणार नाही. पिवळ्या पट्ट्यांचा तो दुसरा अर्धा तुझ्याकडे आहे. फेकला नसशील, तू काही फेकत नाहीस.

शिवायलाही मला आता एकटीला जमणार नाही. चोवीस घड्या म्हणजे एकीने गठ्ठा सरळ धरायला हवा आणि दुसरीने दोरा ओढायला. तुझ्या सहा घड्यांना भोकं मी अजून पाडलेली नाहीत. आरी काढून, साचा लावून बसले होते, मग ठेवून दिली. तू समोर बसून ‘वन्सं, तिरकं जातंय’ म्हटल्याशिवाय माझा हात सरळ चालत नाही, असं दिसतंय.

कालच दादा दारात येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, ‘तिला यायचं असेल तर मी दिवसभर बाहेर राहू का?’ एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. मी म्हटलं, ते तिला विचारते. तर विचारते आहे. त्याने बाहेर राहायचं की घरी, ते तू ठरव, तो दोन्हीला तयार आहे. भिंगरी पुढच्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर फिरायला जाणार आहे ना? तेव्हाच ये. म्हणजे तिला पत्ता लागणार नाही.

तुझ्या खुर्चीवरचा कागदाचा गठ्ठा मी उचलला आहे.

पडदा घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस.

तुझी,
वन्सं